वाचकांचे प्रश्न : विहीणबाई सांतियागोच्या

दिवाळी अंकात मी आमच्या गल्लीवर लेख लिहिला होता. डोमिनिकन रिपब्लिकमधलं सांतियागो शहर, तिथली आमची गल्ली आणि भिंतीपलीकडच्या शेजारीणबाई. यजमान इथल्या मुक्त व्यापार क्षेत्रातल्या कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागले तेव्हापासून, म्हणजे 2009 पासून आम्ही इथे आहोत. त्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यातल्या एका पत्राला सविस्तर उत्तर देणं मला भाग आहे, म्हणून ते आधी घेते.

प्रश्न : माझा मुलगा न्यूयॉर्कला असतो. त्याने तिथल्याच एका डोमिनिकन मुलीशी लग्न ठरवलं आहे. मुलगी गोड आहे, तक्रार काही नाही. पण तिचे आईवडील तुमच्या सांतियागोत राहतात आणि गुड फ्रायडेच्या आठवड्यात आम्ही दोघं त्यांना भेटायला जाणार आहोत. आम्ही शाकाहारी, स्पॅनिशचा गंध नाही. कसं वागायचं, काय न्यायचं, कशाने त्यांचं मन दुखावेल, या विचाराने झोप लागत नाही.

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, तिने तुम्हाला थोडा धीर येईल. तुमच्या नात्याला स्पॅनिशमध्ये शब्द आहे. इंग्रजीत विहीण कोण हे समजावून सांगायला अख्खं वाक्य लागतं. इथे ‘कोनसुएग्रा’ म्हटलं की झालं. व्याही म्हणजे ‘कोनसुएग्रो’. ज्या भाषेत या नात्याला नाव आहे, तिथल्या माणसांना त्या नात्याचा मानही ठाऊक असतो. त्या बाईसुद्धा तुमच्या येण्याची तयारी आत्तापासून करत असतील. मी तर म्हणते, पडदे धुवायला काढले असतील.

आता वागण्याचं. दारातून आत गेल्यावर तिथे असलेल्या प्रत्येकाला वेगळं भेटायचं. बायका एकमेकींच्या गालाला गाल लावतात, एकदाच. कोपऱ्यात खुर्चीवर आजी बसलेली असेल तर आधी तिच्याकडे जा. बोलता आलं नाही तरी चालेल, पण कुणाला वगळून पुढे गेलात तर ते लक्षात राहतं. इथे दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शिरणारा माणूससुद्धा सगळ्या अनोळखी लोकांना उद्देशून ‘बुएनास’ म्हणतो आणि सगळे उत्तर देतात. पहिल्या वर्षी मी खाली मान घालून जाऊन बसायचे. शेजारीणबाईंनी, ज्यांना सगळी गल्ली ‘दोन्या’ म्हणते, मला बाजूला घेऊन सांगितलं, “पोरी, तू रागावली आहेस असं लोकांना वाटतं.” दोन्या म्हणजे आपल्या ‘बाई’ किंवा ‘काकू’सारखं. तुमच्या विहीणबाईंनाही सुरुवातीला दोन्या म्हणा. त्या स्वतः नको म्हणतील तेव्हा सोडा.

तिथे एक गोष्ट तुमच्या कानावर पडेल, ती मुद्दाम ऐका. घरातली मुलं, अगदी चाळिशीतली मुलंसुद्धा, आईवडिलांना, आजीला, मावशीला भेटताना पटकन ‘सिऑन’ म्हणतात. मूळ शब्द ‘बेंदिसिऑन’, म्हणजे आशीर्वाद. बोलण्यात त्याची शेपटीच उरली आहे. त्यावर मोठं माणूस म्हणतं, ‘दियोस ते बेंदिगा’, देव तुला आशीर्वाद देवो. फोन उचलल्यावर पहिला शब्द तोच आणि ठेवतानाही तोच. आपण वाकून नमस्कार करतो ना, तसाच हा नमस्कार, फक्त तोंडाने केलेला. तुमची होणारी सून न्यूयॉर्कहून आईला फोन करताना हेच म्हणत असणार. उद्या ती तुम्हाला ‘सिऑन’ म्हणाली तर गोंधळू नका. ‘दियोस ते बेंदिगा’ एवढं वाक्य पाठ करून जा. स्पॅनिशमधलं बाकी काही नाही आलं तरी चालेल.

खाण्याची काळजी तुम्ही करता आहात त्यापेक्षा थोडी जास्त करायला हवी, कारण ‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थ इथे डगमगता आहे. मांस नको म्हटल्यावर प्रेमाने कोंबडी वाढली जाते. म्हणून सुनेकरवी आधीच स्पष्ट कळवा : मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत आणि ‘सोपिता’ नाही. सोपिता म्हणजे रश्शाला चव आणणारी छोटी वडी. ती बहुतेक कोंबडीच्या अर्काची असते आणि राजम्यात, भातात कुठेही पडलेली असू शकते. हे सांगितल्याने त्यांना राग येणार नाही. ताट ढकललंत तर मात्र वाईट वाटेल.

एकदा हे सांगून झालं की खायला इतकं आहे! दुपारचं रोजचं जेवण म्हणजे ‘ला बांदेरा’, शब्दशः झेंडा : पांढरा भात, लाल राजमा, मांस आणि सोबत कोशिंबिरीसारखं काहीतरी. त्यातलं मांस सोडलं की आपलं वरणभाताचं ताटच झालं. भांड्याच्या बुडाची खरपूस खरवड, ‘कोनकोन’, ही पाहुण्याला मानाने वाढतात, ती नाही म्हणू नका. सकाळी ‘मांगू’ असतं. कच्ची केळी उकडून, लोणी घालून मऊ घोटायची आणि वर व्हिनेगरमध्ये परतलेला कांदा. सोबत तळलेलं चीज मागा. वांग्याची भाजी करतात, भेंडीही करतात, भेंडीला ‘मोलोंद्रोन’ म्हणतात. आणि ‘मोरो दे ग्वांदूलेस’ समोर आला की नीट बघा. ग्वांदूल म्हणजे आपली तूर. तोच ओला तुरीचा दाणा, भाताबरोबर आणि पुष्कळदा नारळाच्या दुधात शिजवलेला. मूळची आपल्याकडची तूर आफ्रिकेमार्गे या बेटावर पोचली आणि इथे ख्रिसमसचं ताट तिच्याशिवाय पुरं होत नाही. पहिल्यांदा दोन्यांच्या परसात मी शेंगा सोलायला बसले तेव्हा माझे हात कसे चालतात ते बघून त्यांनी विचारलं, “तुला कुणी शिकवलं?” आजीने, म्हटलं.

उलट दिशेने आलेलं एक देणंही सांगते. ‘बटाटा’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्यांच्याकडे तो आला याच बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून. कोलंबस 1492 मध्ये आला तेव्हा ही माणसं इथे राहत होती. रोगराई आणि सक्तीच्या कामाने काही दशकांत त्यांचा समाज उद्ध्वस्त झाला. पण त्यांचे शब्द उरले. इथे आजही ‘बाताता’ म्हणजे रताळं. त्यांची भाकरीही उरली आहे. ‘कासाबे’ म्हणजे कसावा या कंदाच्या किसातलं पाणी पिळून काढून भाजलेली कडक, पातळ भाकरी. 2024 मध्ये युनेस्कोने या भाकरीची परंपरा वारसा म्हणून नोंदवली, क्युबा, हैती, होंडुरास, व्हेनेझुएला आणि डोमिनिकन रिपब्लिक अशी पाच देशांची मिळून. साबुदाणाही त्याच कंदाचा. उपासाला जे चालतं ते तुम्हाला इथेही चालेल.

आणि तुम्ही नेमक्या ज्या दिवसांत येताय, ते ‘आबिचुएलास कोन दुल्से’चे दिवस आहेत. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या सुमारे 40 दिवसांत हे गोड घरोघर शिजतं. राजमा शिजवून, वाटून, गाळून घ्यायचा. त्यात नारळाचं दूध, आटवलेलं दूध, साखर, दालचिनी, लवंग, बेदाणे आणि रताळ्याच्या फोडी. वरून दुधाची छोटी बिस्किटं. राजम्याची खीर म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा होईल ते मला दिसतंय, माझाही तसाच झाला होता. एक वाटी खा, मग बोला.

खरी गोष्ट त्या पातेल्याच्या आकारात आहे. चार माणसांच्या घरात चाळीस माणसांचं पातेलं चढतं, कारण ते वाटायचंच असतं. पहिल्या वर्षी भिंतीवरून दोन्यांचं भांडं आलं, पाठोपाठ समोरच्या घरातून, मग कोपऱ्यावरच्या कोलमादोवाल्याकडून. कोलमादो म्हणजे वाण्याचं दुकान. पण तिथे उधारीही चालते, संध्याकाळी डोमिनोच्या सोंगट्या आपटल्या जातात आणि गल्लीची सगळी बातमीही तिथेच कळते. आठवड्याभरात माझ्याकडे सात घरांची आबिचुएलास होती आणि प्रत्येक घरचा माणूस हळूच विचारत होता, कुणाची चांगली झाली. मी भांडी घासूनपुसून परत केली, रिकामी. दोन्या काही बोलल्या नाहीत. पण माझ्या आईने फोनवर ऐकलं आणि ती मला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी रव्याचा शिरा करून सातही घरी दिला. तेव्हापासून तो दरवर्षी जातो आणि आता गल्लीतली मुलं त्याची वाट बघतात.

म्हणून ‘काय न्यायचं’ याचं माझं उत्तर : साडी-शाल जरूर न्या, पण एखादा पदार्थ त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून स्वतः करा. वेलची आणि केशर बरोबर आणा. साजूक तूप मी देईन, संपादकांकडून माझा पत्ता घ्या.

आता उरलेलं भराभर. सात वाजता बोलावलं असेल तर आठला कुणी आलेलं नसेल, त्यात अपमान नाही. ‘आओरिता’ म्हणजे शब्दकोशाप्रमाणे ‘आत्ता’, इथे ‘नंतर’. बोट दाखवण्याऐवजी ओठ पुढे काढून दिशा दाखवतात, ते वेडावणं नव्हे. नीटनेटक्या कपड्यांत जा. घर लहान असलं तरी बाहेर पडताना कपड्यांना इस्त्री हवीच, हा इथला बाणा आहे. लग्नानंतर सून आडनाव बदलणार नाही; इथे प्रत्येकाला वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात आणि बाई ती जन्मभर ठेवते. तुमच्या नातवंडाच्या नावातही दोन्ही घरं राहतील. मला ते फार आवडतं. आणि गुड फ्रायडेला समुद्रावर जाण्याचा आग्रह झाला तर आजी काय म्हणते ते आधी बघा. त्या दिवशी पाण्यात उतरलेल्याचा मासा होतो, असं जुनी माणसं सांगतात. तरुण मंडळी अर्थातच सगळी समुद्रावर असतात.

प्रश्न : वेस्ट इंडिजच्या संघात खेळतात ते डोमिनिकाचे लोक हेच का?

नाही. 2023 मध्ये भारताने रोझोच्या मैदानावर कसोटी जिंकली तो डोमिनिका, इंग्रजी बोलणारं वेगळं छोटं बेट. आमचा देश हिस्पॅनिओला बेटाच्या पूर्वेकडच्या सुमारे दोन तृतीयांश भागात, पश्चिमेला हैती. भाषा स्पॅनिश आणि खेळ बेसबॉल. ऑक्टोबर ते जानेवारी सहा संघांची साखळी चालते. सांतियागोत राहून इथला ‘आगिलास’ संघ सोडून राजधानीच्या ‘लिसेई’ला टाळी वाजवणं म्हणजे शेजाऱ्याशी वैर. गल्लीतल्या पोरांकडे चेंडू नसतो. पाण्याच्या मोठ्या बाटलीचं झाकण आणि झाडूचा दांडा घेऊन ती ‘बितिया’ खेळतात. भिरभिरत येणारं झाकण दांड्याने मारून बघा, मग या देशात इतके फलंदाज कसे तयार होतात ते कळेल.

प्रश्न : त्यांचा स्वातंत्र्यदिन स्पेनपासूनचा नसून हैतीपासूनचा आहे हे वाचून नवल वाटलं. आणि त्याच सुमारास कार्निव्हल कसा?

1821 च्या डिसेंबरात इथल्या लोकांनी स्पेनची सत्ता झुगारली, पण दोन-तीन महिन्यांत हैतीच्या सैन्याने राज्य घेतलं. ते 22 वर्षं टिकलं. हुआन पाब्लो दुआर्ते याने 1838 मध्ये ‘ला त्रिनितारिया’ ही गुप्त संघटना काढली आणि 27 फेब्रुवारी 1844 च्या रात्री सांतो दोमिंगोत स्वातंत्र्य जाहीर झालं. पुढे 1861 मध्ये देश पुन्हा स्पेनच्या ताब्यात गेला, तो 1865 मध्ये सुटला. म्हणून दुसरा मोठा दिवस 16 ऑगस्ट, त्या लढ्याच्या सुरुवातीचा.

शाळेत एवढंच शिकवतात. त्यात दोन गोष्टी राहून जातात, त्या मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगते. या भागातली गुलामगिरी 1822 मध्ये हैतीच्या राजवटीनेच संपवली. आणि 1937 च्या ऑक्टोबरात हुकूमशहा त्रुहियोच्या हुकमाने सीमेलगतच्या हजारो हैतियन माणसांची कत्तल झाली. आजही इथल्या इमारती हैतियन मजूर बांधतात आणि त्यांच्याबद्दल घराघरांत जे बोललं जातं ते ऐकून मला त्रास होतो. या लोकांवर माझा जीव आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

कार्निव्हल मूळचा उपासाचे दिवस सुरू होण्याआधीचा. इथे तो स्वातंत्र्याच्या महिन्याला चिकटला आणि फेब्रुवारीच्या प्रत्येक रविवारी होतो. ला बेगा गावात ‘दियाब्लो कोहुएलो’ म्हणजे लंगडा सैतान निघतो. शिंगं, दात विचकलेला मुखवटा, साटनचे झगमगते कपडे, अंगभर घुंगरं. हातात ‘बेहीगा’, जनावराचं फुगवलेलं मूत्राशय, हल्ली पुष्कळदा रबराचं. तो मागून येऊन पार्श्वभागावर असा फटका देतो की दोन दिवस बसवत नाही. भिंतीला पाठ लावून उभं राहा. आमच्या सांतियागोत ‘लेचोन’ असतात, त्यांच्या मुखवट्याला बदकासारखी चोच. मुखवट्याची शिंगं गुळगुळीत असली तर तो लोस पेपीनेस वस्तीचा, शिंगांवर बारीक काटे असले तर ला होयाचा. आमच्या मागच्या गल्लीतला एक रंगारी दिवाळीच्या सुमारास मुखवट्यासाठी कागदाचे थर चिकटवायला बसतो आणि फेब्रुवारीपर्यंत दुसरं काम घेत नाही. कोतुई गावात तर केळीच्या सुक्या पानांचा पोशाख करतात. माझ्या मते सगळ्यात देखणा तोच.

प्रश्न : मुलगी बचाटा शिकते. तो त्यांचा लोकनृत्याचा प्रकार आहे का?

आज आहे, पण पूर्वी कुलीन घरांत त्याचं नाव घेत नसत. ‘बाचाता’ म्हणजे आधी नुसती परसातली मैफल. 1961 मध्ये त्रुहियोची हत्या झाली आणि 31 वर्षांची राजवट संपली. पुढच्याच वर्षी होसे मान्युएल काल्देरोनने पहिली बाचाता ध्वनिमुद्रित केली. खेड्यांतून राजधानीत आलेल्या गरिबांनी गिटारवर गायलेली विरहाची गाणी ती, ‘आमार्गे’ म्हणजे कडवटपणाचं संगीत. बाचाता बहुतेक आकाशवाणी केंद्रांवर लागत नसे. 1990 मध्ये गायक हुआन लुईस गेर्राचा ‘बाचाता रोसा’ हा अल्बम आला आणि दिवाणखान्यांची दारं उघडली. 2019 मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. मेरेंगे या इथल्या दुसऱ्या नाच-संगीताला ती 2016 मध्येच मिळाली होती. मेरेंगे आमच्या सिबाओ खोऱ्याचा : अकॉर्डियन, तांबोरा नावाचा दोन तोंडांचा ढोल, आणि ग्विरा हे धातूचं खरखरणारं नळकांडं.

मुलीला एवढंच सांगा की इथे कुणी पावलं मोजत नाही. दोन्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायच्या आत आजी आणि सहा वर्षांचा नातू अर्धं गाणं नाचून घेतात.

प्रश्न : डोमिनिकन बाहुल्यांना चेहरा का नसतो?

मोकाजवळच्या इग्वेरितो गावात या मातीच्या बाहुल्या होतात. ताइनो, आफ्रिकन, स्पॅनिश अशी रक्तं मिसळलेल्या बाईचा एकच चेहरा कुठला काढणार, असं तिथले कारागीर सांगतात.

प्रश्न : सणांबद्दल सगळे लिहितात. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर काय करतात?

बहुधा चोवीस तासांत दफन होतं. त्यानंतर नऊ दिवस संध्याकाळी घरी प्रार्थना, जपमाळेवर. ज्या बाईला सगळं तोंडपाठ असतं ती ‘रेसादोरा’ पुढे म्हणते, बाकीचे मागून म्हणतात. अंगणात खुर्च्या मांडतात. कॉफी आणि आल्याचा चहा फिरतो. नववा दिवस मोठा, त्या दिवशी लांबचे नातलगही येतात. वर्षश्राद्धासारखं ‘काबो दे आन्यो’ असतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. 2020 मध्ये माझे वडील गेले. विमानं बंद होती, मी निघू शकले नाही. दोन्यांना सकाळी भिंतीवरूनच सांगितलं. संध्याकाळी दार वाजलं. दोन्या, तोंडाला मास्क, हातात थर्मास. मागे कोलमादोवाल्याचा मुलगा प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे किती दिवस? मी म्हटलं, दहावा, मग तेरावा. त्यावर त्या म्हणाल्या, “मग आम्ही तेरा दिवस येऊ.” संचारबंदीच्या आत घरी पोचता यावं म्हणून लवकर यायच्या, आमच्या अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून चार-पाच बायका बसायच्या. त्या त्यांची जपमाळ म्हणायच्या, मी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचे. कुणी कुणाला अर्थ विचारला नाही. तेराव्या दिवशी मी भात, तुरीची आमटी आणि खीर केली. त्या सगळ्या जेवल्या, खुर्च्या एकात एक घातल्या आणि मुलगा त्या दुकानात परत घेऊन गेला.